फळीवरची मरणं

मास्तरांच्या वर्गात नाव घालायला अर्ज लागत नसे. स्वतःच्या खुनाची बातमी लिहून द्यावी लागे. बारा ओळींत, एकही विशेषण न वापरता. ती पसंत पडली की मास्तर ती शेजारच्या छापखान्यात पाठवत. तिथला जुळारी अक्षरांचा एकेक खिळा उचलून मजकूर जुळवी, दोऱ्याने करकचून बांधी, आणि तो शिशाचा ठोकळा वर्गातल्या एका लाकडी फळीवर येऊन बसे. खाली खडूने नाव. आम्ही सात विद्यार्थी होतो आणि फळीवर सात ठोकळे होते. आम्ही बाकांवर बसून शिकत असू तेव्हा आमची मरणं भिंतीकडून आमच्याकडे बघत असत.

सांगलीत, कृष्णेकडे उतरणाऱ्या एका बोळात ही खोली होती. वर्ग दुपारी दोनला भरे, पण खोलीला खिडकी नसल्याने भर दुपारीही दिवा लावावा लागे. पलीकडच्या खोलीत मास्तरांचं चार पानांचं साप्ताहिक छापलं जाई. यंत्र सुरू झालं की फळी बारीक थरथरे आणि ठोकळे एकमेकांना लागून किणकिणत. नवा मुलगा त्या आवाजाने दचके. मास्तर बोलणं थांबवून फळीकडे बघत आणि आवाज थांबला की पुढचं वाक्य सुरू करत. जणू मध्ये कुणीतरी शंका विचारली होती.

मी आष्ट्याचा. माझे वडील पत्रकं वाटत, चिकटवत, आणि त्यासाठी मारही खात. आमच्या घरात पाटी यायच्या आधी पत्रकं आली. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे मास्तरांकडे गेलो तेव्हा मला लिहिता येतं याबद्दल मला काही शंका नव्हती. माझ्या खुनाच्या बातमीचं पहिलं वाक्य होतं : नराधम भांडवलशाहीने आष्ट्याच्या एका झुंजार तरुणाचा बळी घेतला.

मास्तरांनी शिसपेन्सिलीने ‘नराधम’ काढला, ‘झुंजार’ काढला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “ही भांडवलशाही राहते कुठं रं? पोलीस गेले तर दार कुणाचं वाजवतील?”

मागे कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. बातमीतली शेवटची ओळ सगळ्यांना सारखीच असे : हा खून अमक्याच्या सांगण्यावरून झाला. त्या अमक्याच्या जागी खरं नाव लिहायचं. ज्याला आपल्याला मारावंसं वाटेल असा जिता, पत्ता असलेला माणूस. ते येत नसेल तर जुळारी त्या जागी शिशाचे कोरे तुकडे भरून ठेवी. माझ्या ठोकळ्यात असे पाच कोरे तुकडे होते. मला त्यांची फार लाज वाटे. मास्तर म्हणाले की नाव सापडेपर्यंत पत्रकं लिहीत राहा, ते काम वाईट नाही, पण ते हे काम नव्हे.

हे वेड त्यांनी हौसेने लावून घेतलं नव्हतं. त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना खरोखर मारलं होतं. एकाने हातभट्टीवाल्यांबद्दल लिहिलं, तो उसात सापडला. ते त्याच्याबद्दल एवढंच सांगत की त्याला कुणी मारलं ते छापायला आम्हाला नऊ दिवस लागले. नऊ दिवसांत पाहणारे गाव सोडून गेले, उसाचा तो फड तोडला गेला, आणि ज्याने मारलं तो सुतकाला येऊन बसला. दुसऱ्याच्या वेळी ठोकळा तयार होता. त्याच दिवशी नावासकट बातमी गावात गेली आणि माणूस आत गेला. तेव्हापासून फळी.

छापून झाल्यावर त्या दुसऱ्याचा ठोकळा सोडून त्याचे खिळे आपापल्या खणांत टाकावे लागले, कारण छापखान्यात अक्षरांची कायमच चणचण. मास्तर कधी ताजा अंक हातात घेऊन दिव्याखाली धरत आणि कोपरा तुटलेल्या एखाद्या ‘र’वर बोट ठेवून म्हणत, हा त्याच्या नावातला. आता उसाच्या भावात फिरतोय.

जुळारी नाना या फळीला वैतागला होता. त्याची एक तक्रार आठवड्यातून एकदा ठरलेली. “आवं मास्तर, ह्या जित्त्या मढ्यांनी माजे समदे ‘ख’ अडकवून ठेवल्याती. खत लिवायचं म्हटलं तर ‘ख’ न्हाई, खासदार आला तर ‘ख’ न्हाई.” मास्तर त्याला म्हणत की खासदार थांबेल.

त्यांच्या आणखी सवयी सांगतो. आल्याआल्या ते विचारत, पायऱ्या किती चढलास? बोळात तोंड पुसणारा माणूस डावरा होता का उजवा? न सांगता आलं तर खाली जाऊन बघून यायचं. आमच्याबद्दल ते भूतकाळात बोलत. कुणी पाहुणा आला की आमच्याकडे हात करून सांगत, हा आष्ट्याचा, जरा भडक लिहायचा. ही मिरजेची, कान चांगला होता हिचा. पाहुणा गोंधळून आमच्याकडे बघे आणि आम्ही नमस्कार करू. महिन्यातून एकदा ते मऊ ब्रशने ठोकळ्यांवरची धूळ झाडत, सैल झालेला दोरा आवळत. तसं करताना ते त्या त्या मुलाला जवळ बोलावत. आपल्या मरणाची धूळ झाडली जाताना शेजारी उभं राहायचं, हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. खिळ्यांत अक्षरं उलटी असतात, त्यामुळे आपलं नाव पटकन वाचता येत नाही. पण ते आपलंच आहे हे कळतं.

कुणी वर्ग सोडला तर नाना त्याच्यासमोर ठोकळ्याचा दोरा सोडे. मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवत. “जा. आता तू मरत न्हाईस.” दोन मुलं अशी गेली. जाताना त्यांचे चेहरे असे हलके झाले होते की मला त्यांचा राग आला, आणि हेवाही.

बिरू आमच्यातला सगळ्यात गप्प. म्हसवडच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शाळेत शिकता शिकता पुढे सरकत सांगलीपर्यंत आलेला. मास्तरांचा पायऱ्यांचा प्रश्न त्याला कधीच अडला नाही. कळपात किती आहेत हे बघताक्षणी सांगणाऱ्या माणसाला पायऱ्या काय जड. त्याच्याही ठोकळ्यात पहिले सहा महिने कोरे तुकडेच होते. मग एकदा तो गावाहून आला आणि नानाजवळ जाऊन म्हणाला, माझ्या ठोकळ्यात नाव घाला, सापडलं.

दुष्काळात त्याच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. सगळा मुलूख खडी फोडत होता. त्या कामावर सुरुंग लावताना शिट्टी वाजवायची असते. त्या दिवशी शिट्टी न वाजवताच बार उडवला आणि दोन बाया गेल्या. एक सोनाबाई, दुसरी बिरूची चुलती हौसा. काम थांबू नये म्हणून कंत्राटदाराने दुपारच्या आत दोघींना तलावाच्या बांधाच्या भरावात घातलं, वर माती लोटली, आणि सांगितलं की त्या काम सोडून घाटाखाली निघून गेल्या. दोनशे माणसांनी हे पाहिलं होतं. दोनशे माणसांची चूल त्याच कामावर पेटत होती, म्हणून दोनशे माणसं गप्प बसली. दुष्काळ सरला, तलावात पाणी आलं. बिरू सांगे, त्या पाण्याला गावातली जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. विचारलं तर कुणी कारण सांगत नाही.

बिरूने ते लिहिलं. पाच माणसांनी त्याला नावानिशी सांगितलं होतं. साप्ताहिकात पहिल्या पानावर आलं, बांध खणून बघावा अशी मागणी झाली, आणि चौकशीला अधिकारी येणार असं ठरलं.

त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात एक पाहुणा आला. धुवट पांढरे कपडे, काखेत छत्री, चेहरा शाळामास्तरासारखा गरीब. शिकायचंय म्हणाला. मागच्या बाकावर बसून त्याने पूर्ण तासभर ऐकलं, मध्येच मानही डोलावली. तास संपल्यावर तो उठला आणि हात जोडून मास्तरांना म्हणाला, “ह्यातला बिरू कंचा?”

बिरूनेच हात वर केला.

पाहुण्याने त्याला बराच वेळ बघितलं. आधी चेहरा, मग उंची, मग चपला. “बरं झालं,” तो म्हणाला. “उगं दुसऱ्याच कुनाचं व्हाया नको, म्हून इचारलं.” आणि दार अगदी हळू ओढून घेऊन तो पायऱ्या उतरला. किती पायऱ्या वाजल्या ते आम्ही सगळ्यांनी मोजलं. मास्तरांनी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बिरू दिसला नाही. आणि त्या गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर बिरूच्या खुनाची बातमी होती. बारा ओळी, एकही विशेषण नाही. शेवटच्या ओळीत कंत्राटदाराचं नाव.

मी ते वाचून पायरीवर बसलो. फळीवर बिरूच्या ठोकळ्याची जागा रिकामी होती आणि तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. नाना कुणाकडे बघत नव्हता. मास्तर शांतपणे पुढच्या अंकाची प्रुफं तपासत होते.

म्हसवडला लोक कंत्राटदाराच्या कचेरीवर चालून गेले. जे दोन बायांसाठी उठले नाहीत ते एका पोरासाठी उठले. पोलिसांनी त्याची दोन माणसं उचलली. बिरूच्या आईने आडवं पडून तीन दिवस टाहो फोडला, भावकीने वस्तरा लावून डोकी उतरवली. तिसऱ्या दिवशी कंत्राटदार स्वतः जीप घेऊन सांगलीला आला. आडदांड माणूस, पण पायऱ्या चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती. मी तिथेच होतो. तो मास्तरांपुढे हात जोडून म्हणाला, “देवाशप्पत मास्तर, आमी अजून काय केलंच न्हाई.”

“अजून,” मास्तर म्हणाले.

मास्तरांनी तो शब्द वहीत लिहिला, त्याला दाखवला आणि वही मिटली. मग सांगितलं की बिरू मेढ्याला आहे, अमक्याच्या घरी, धडधाकट. जा, घेऊन जा, त्याच्या गावात सगळ्यांसमोर उतरव. आणि यापुढे त्याला ठेच लागली तरी लोक तुझ्याकडेच बघतील हे ध्यानात ठेव.

तेव्हा आम्हाला कळलं. मास्तरांनीच बिरूला डोंगरात मेढ्याला पाठवलं होतं, त्याच्या आईलासुद्धा न सांगता. आणि जो खून व्हायचा होता तो आधी छापून टाकला होता.

पुढच्या अंकात एक ओळ आली : बिरू जिवंत आहे. पोलिसांनी मास्तरांना चार दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. आणि मग एक गंमत सुरू झाली, जिला कुणी हसलं नाही. कंत्राटदाराचा माणूस, तोच धुवट कपड्यांचा, बिरूच्या मागे मागे फिरू लागला, त्याला काही होऊ नये म्हणून. एसटीत त्याच्यासाठी जागा धरी. पावसात त्याच्या डोक्यावर छत्री धरी.

गावाच्या लेखी मात्र बिरू परत आलाच नाही, असं त्याने मला नंतर सांगितलं. लोक बोलायच्या आधी त्याच्या पावलांकडे बघत, सरळ आहेत का उलटी. चहाच्या टपरीवर तो बसला की बाक रिकामा होई. उतरवलेले केस वाढेपर्यंत भाऊबंद त्याच्यासमोर यायला संकोचत. आई जेवायला वाढे, पण आधी एक घास बाहेर नेऊन ठेवी. “मी म्हनलं, आये, मी हितं हाय की,” बिरू म्हणाला. “म्हनली, व्हय, तू हितं हाईस. पर त्यो बी उपाशी ऱ्हाया नको.”

आणि बांध खणायला कुणी आलं नाही. कंत्राटदार जिथे तिथे सांगत सुटला की जसा ह्यांचा बिरू मेला तशाच ह्यांच्या बाया मेल्या. लोक हसले. अधिकारी हसले. ज्या पाच जणांनी नावानिशी सांगितलं होतं त्यांनी आपण काही बोललोच नाही असं लिहून दिलं. दोन बायांना एकदा मातीखाली घातलं होतं, त्यांच्यावर दुसऱ्यांदा माती पडली, आणि ही आमच्या छापखान्यातून गेली.

मी मास्तरांशी भांडलो. आज ती वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात, कारण मी ती आधी लिहून पाठ केली होती. मी म्हणालो, तुम्ही खोटं छापलंत. जाणूनबुजून छापलंत. एक जीव वाचवायला तुम्ही दोन मेलेल्यांना खोटं पाडलंत, आणि यापुढे आमच्यातला कुणीही मेला तर तो खोटा ठरेल.

मास्तरांनी ऐकून घेतलं. “दोघांना मी माझ्या हातानं उचललंय,” ते म्हणाले. “तिसरा उचलायची वाट बघत बसलो न्हाई. तुझं सगळं बरोबर हाय. पण पोरगं जितं हाय.”

मी नानाला माझा ठोकळा सोडायला सांगितला. कोरे तुकडे आधी निघाले. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ते नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि मी तो हात झटकला.

साताऱ्याला एका दैनिकात मला काम मिळालं. बिरू तिथे मला दोनदा भेटला. त्याच्यामागचा माणूस आता नव्हता; तिकडची कामं संपून कंत्राटदार दुसरीकडे गेला होता, लोकही विसरले होते. बिरू एकेका माणसाला पुन्हा गाठत होता. मी त्याला म्हणालो, गड्या, आता सोड. तो म्हणाला, “माज्या जिवापायी काकीला कुनी मेली बी म्हनत न्हाई. निदान तेवढं तरी म्हनाया पायजे.” दुसऱ्या खेपेला त्याच्यापाशी एक कागद होता. सुरुंग लावणाऱ्यानेच बांधावरची नेमकी जागा दाखवायचं कबूल केलं होतं, अंगठा उठवून. तो कागद घेऊन तो सांगलीला मास्तरांकडे जाणार होता. त्याआधी जागा एकदा डोळ्यांनी बघून येतो म्हणाला.

त्यानंतर आठच दिवसांनी मास्तर आमच्या कचेरीत आले. दुपारची वेळ, सगळे टेबलावर. इतक्या लांब ते कधी येत नसत. त्यांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. चार ओळी. बिरू तलावात मृतावस्थेत सापडला. पोलिसांनी बुडून मृत्यू अशी नोंद केली. पाणी गुडघ्याएवढे होते. त्याच्याजवळचा कागद सापडला नाही.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, पुन्हा?

मी मास्तरांना विचारलं, “कशावरून?”

“मी पाहिला.”

“मागच्या वेळीही तुम्ही छापलं होतं.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. “प्रश्न बरोबर हाय,” ते म्हणाले. “असाच विचारायचा.” चिठ्ठी तिथेच ठेवून ते निघून गेले.

मी तिकडच्या चौकीला फोन लावला. लागायला दोन तास गेले. पलीकडचा माणूस नाव ऐकून जांभई देत म्हणाला, “त्यो व्हय? त्यो मरत असतोय अधनंमधनं.” आणि फोन ठेवला. कचेरीत हे सांगितल्यावर सगळे हसले. मी हसलो नाही, पण मी बातमीही दिली नाही. एका सूत्रावर विसंबून, ज्याने पूर्वी खोटं छापलंय अशा सूत्रावर, मी छापणार नव्हतो. मी तत्त्वाचा माणूस होतो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्या जागी एका सत्काराचा फोटो आला.

तो अंक घेऊनच मी सकाळच्या गाडीने म्हसवडला गेलो, तिथून पुढे चालत. बिरूच्या घरासमोर माणसं नव्हती. भावकी आली नव्हती. एकदा डोकी उतरवून झाली होती, दुसऱ्यांदा कोण उतरवणार. मास्तर अंगणात धोंड्यावर बसले होते. त्यांनी एकट्यानेच बिरूला मसणवट्यात नेलं होतं, दोन मेंढपाळांना हाताशी घेऊन. त्यांनी मला बघितलं आणि सरकून जागा दिली.

आई दारात बसून चातीवर लोकर कातत होती. डोळे कोरडे होते. मी तिच्यापुढे बसलो, वही काढली. विचारायचं ते विचारायलाच हवं होतं, आणि या वेळी मी एकेक गोष्ट विचारून, तपासून, नावासकट लिहिणार होतो.

“मावशी, बिरू गेल्याचं तुम्हाला कधी कळलं?”

चाती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, मला नीट उत्तर द्यावं म्हणूनच बघितलं.

“कुठल्या येळंचं इचारतूस, लेकरा?”